दोन हजार, पण कधी?

विमान गेटला उभं असतं. प्रवासी वरच्या कप्प्यांत बॅगा कोंबत असतात, कुणी खिडकीची जागा बदलून मागत असतं, आणि पुढे बंद दाराआड दोन माणसं एका वाक्यावरून हुज्जत घालत असतात. धावपट्टी सोडल्यावर कुठे वळायचं, किती उंचीवर वळायचं, त्याआधी कुठला बिंदू ओलांडायचा, एवढंच त्या वाक्यात असतं. याला इन्स्ट्रुमेंट डिपार्चर म्हणतात. ढगात किंवा अंधारात बाहेरचं काही दिसत नसताना, निव्वळ उपकरणांच्या भरवशावर, डोंगर आणि दुसरी विमानं चुकवत वर कसं जायचं याची ही छापील रीत. आमच्या बोलण्यात ‘सिड’. लोकांना वाटतं, हे सगळं पायलटला तोंडपाठ असतं. रोजचा विमानतळ असेल तर असतंही. पण विमानतळ नवा असला, किंवा जुन्या विमानतळाचा नवा कागद निघाला, की केस पांढरे झालेले कॅप्टनसुद्धा आयपॅडवर दोन बोटांनी एक कोपरा मोठा करून बघतात आणि शेजारच्याला विचारतात, “याचा अर्थ काय रे?”

मला या हुज्जती आवडतात. त्यातल्या काही मी ऐकल्यात, काहींत भाग घेतलाय, आणि काहींचा शेवट अपघाताच्या चौकशी अहवालात वाचलाय.

आमच्या बॅचचा एक मित्र न्यू जर्सीत बिझनेस जेट उडवतो. त्याचा रोजचा विमानतळ टीटरबरो. मॅनहॅटनच्या धनिकांची विमानं इथून सुटतात. शेजारीच न्यूआर्कचा मोठा विमानतळ, आणि तिथे उतरणारी विमानं टीटरबरोच्या धावपट्टी २४ वरून उडणाऱ्यांच्या डोक्यावरून जातात. म्हणून ‘रूडी’ नावाच्या सिडमध्ये एक अट आहे. वेंट्झ हा बिंदू १,५०० फुटांवरच ओलांडायचा, मग चढायचं आणि टास्का हा पुढचा बिंदू २,००० फुटांवर गाठायचा. कागदावर १,५०० या आकड्याच्या वर एक रेघ आणि खाली एक रेघ. फक्त खाली रेघ असेल तर ‘इतकं किंवा जास्त’, फक्त वर असेल तर ‘इतकं किंवा कमी’, दोन्हीकडे असेल तर ‘बरोबर इतकंच’. केसाएवढ्या दोन रेघा आहेत, आणि रात्री कॉकपिटचा दिवा मंद केलेला असताना त्या वाचायच्या असतात.

मित्राचं म्हणणं, कागद चुकीचा नाही, अवघडही नाही. गोम खिडकीत आहे. खिडकी म्हणजे काचेची नव्हे. ऑटोपायलटला ‘इथपर्यंत चढ’ असं सांगणारा आकडा ज्या छोट्या चौकटीत फिरवून लावतात ती. तिथे कुठला आकडा लावायचा? २,००० ही सिडची शेवटची उंची, म्हणून २,००० लावणारे असतात. १,५०० ही आधीची अट, म्हणून १,५०० लावणारे असतात. दोघांपाशी आपापल्या कंपनीची सवय असते. आणि हलकं जेट असं, की धावपट्टी सुटल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत १,५०० फूट येतात. तेवढ्यात चाकं आत घ्यायची, फ्लॅप गोळा करायचे, इंजिनांचा जोर कमी करायचा, फ्रीक्वेन्सी बदलायची. या धांदलीत खिडकीत २,००० असेल तर विमान सरळ २,००० ला जातं, वेंट्झ यायच्या आधी. मित्राने आपल्या कॉकपिटपुरता नियमच करून टाकलाय: खिडकीत १,५००, आणि वेंट्झ मागे गेल्याचं दोघांनी मोठ्यांदा म्हटल्याशिवाय त्या बटणाला हात लावायचा नाही. त्याच्या शेजारी बसणारे नवे लोक सुरुवातीला हसतात म्हणे. पहिल्यांदा खाली दाट ढग आणि वर न्यूआर्कचं विमान पडद्यावर दिसलं की हसणं थांबतं.

टीटरबरोच्या या पाचशे फुटांबद्दल पायलटांनी स्वतःहून लिहून दिलेली कबुली नासाकडे आहे. अंतराळवाली तीच नासा. १९७६ पासून ती विमानवाहतुकीतल्या चुकांचे अहवाल नाव गुप्त ठेवून गोळा करते, आणि ही व्यवस्था जन्माला आली तीही एका संदिग्ध वाक्यातूनच. १ डिसेंबर १९७४ ला टीडब्ल्यूएचं बोइंग ७२७ वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येत होतं. ‘अप्रोचसाठी मोकळे आहात’ असं कंट्रोलर म्हणाला. पायलटांनी त्याचा अर्थ लावला, आता १,८०० फुटांपर्यंत उतरायला हरकत नाही. कंट्रोलरच्या लेखी डोंगर सांभाळणं पायलटांकडे होतं. विमान व्हर्जिनियातल्या माउंट वेदरच्या कड्यावर आदळलं, ९२ जण गेले. काही आठवडे आधी युनायटेडचं एक विमान त्याच वाक्याचा तोच अर्थ लावून त्याच ठिकाणी थोडक्यात वाचलं होतं. युनायटेडने आपल्या लोकांना सावध केलं. ती सूचना टीडब्ल्यूएपर्यंत पोचायला वाटच नव्हती. हा प्रकार उतरतानाचा, पण आत जे बसलंय ते चढतानाचंच: डोंगर कुणाचा?

माझं इन्स्ट्रुमेंट रेटिंग सॅन डिएगोजवळ झालं. आमच्या पिढीतले बरेच जण अमेरिकेत शिकून इथे परतले. आमचा इन्स्ट्रक्टर वयस्कर होता, कमी बोलायचा, आणि त्याला एक प्रश्न विचारायची हौस होती. एखाद्या लहानशा विमानतळाचं पान उघडायचा आणि म्हणायचा, “इथे डिपार्चर प्रोसिजर छापलेली नाही. का?” मुलं म्हणायची, अडथळा नसेल म्हणून. तो म्हणायचा, “कुणी सांगितलं?”

प्रश्न वरवर खोडसाळ वाटतो, पण त्यात अख्खा विषय आहे. अमेरिकेत पद्धत अशी, की ज्या विमानतळावर उतरण्यासाठी निदान एक इन्स्ट्रुमेंट अप्रोच प्रसिद्ध झालेला आहे, तिथे धावपट्टीच्या सभोवारचे अडथळे कुणीतरी मोजलेले असतात. मोजल्यावर काही आडवं येत नाही असं दिसलं तर डिपार्चर प्रोसिजर छापतच नाहीत. तिथे कोऱ्या जागेचा अर्थ होतो: तपासलंय, मोकळं आहे, ४०० फूट चढा आणि हवं तिकडे वळा. पण ज्या विमानतळाला अप्रोचच नाही, तिथे मोजायला कुणी गेलेलंच नसतं. तिथेही जागा कोरीच. एकाच कोऱ्या जागेचे दोन अर्थ, एकमेकांच्या बरोब्बर उलट, आणि कुठला खरा ते दुसऱ्याच पानावर, अप्रोचच्या यादीत बघितल्याशिवाय कळत नाही.

जिथे प्रोसिजर आहे तिथे दुसरा घोळ. अमेरिकी सरकारी नकाशांवर उलट्या काळ्या त्रिकोणात पांढरा ‘टी’ असतो. तो दिसला की समजायचं, इथून उडायच्या काही खास अटी आहेत, मागची पानं उलटा. अडथळे चुकवणारी ही वाट कंट्रोलरने मुद्दाम नेमून द्यावी लागत नाही. वेगळं काही सांगितलेलं नसेल तर पायलटने आपल्या मनाने ती धरायची. आता समजा, तुम्हाला जायचंय पूर्वेला, क्लिअरन्स, म्हणजे कंट्रोलरची परवानगी, मिळाला पूर्वेच्या बिंदूकडे थेट, आणि छापील वाट सांगते, आधी पश्चिमेला वळा आणि तीन हजार फूट गाठा. कंट्रोलरला तुम्ही कुठे दिसाल असं वाटतंय? इन्स्ट्रक्टरचा उपाय साधा होता. क्लिअरन्स परत वाचून दाखवताना शेवटी जोडायचं, ‘आम्ही छापील डिपार्चर उडणार आहोत’. बहुतेक वेळा पलीकडून नुसतं ‘रॉजर’ येतं. कधीकधी जरा वेळ काहीच येत नाही, आणि तेव्हा समजायचं की बरं झालं सांगितलं.

हे सगळं तो ब्राउन फील्डवर शिकवायचा, आणि त्याला कारण होतं. ब्राउन फील्ड मेक्सिकोच्या सीमेला खेटून आहे, पलीकडे तिहुआनाची धावपट्टी दिसते. ईशान्येला ओटाय डोंगर, ३,५६६ फूट. दिवसा तो इतका ठसठशीत दिसतो की त्याच्यावर कुणी आदळेल हे खरं वाटत नाही. रात्री त्याच्यावर वस्ती नाही, दिवे नाहीत.

१६ मार्च १९९१ ला रात्री दोनच्या सुमारास इथून एक छोटं जेट उडालं. गायिका रीबा मॅकेन्टायरच्या वाद्यवृंदातले आणि सोबतचे मिळून ८ जण, शिवाय २ पायलट. टॉवर रात्री बंद असतो, तेव्हा दृश्य नियमांनी, म्हणजे डोळ्यांनी बाहेर बघत, उडायचं आणि वर गेल्यावर रेडिओवरून इन्स्ट्रुमेंट क्लिअरन्स घ्यायचा, असा बेत. पायलटने उडण्याआधी फ्लाइट सर्व्हिस या पायलटांच्या माहिती केंद्राला फोन करून डिपार्चरची चौकशी केली होती. त्याला काळजी होती ती सॅन डिएगोच्या नियंत्रित हवाई क्षेत्रात परवानगीविना शिरण्याची. म्हणून त्याने विचारलं, ३,००० फुटांखाली राहून ईशान्येला गेलो तर? पलीकडून होकार आला. हवाई क्षेत्राच्या हिशेबात तो आकडा बरोबर होता. डोंगराचा हिशेब त्या संभाषणात कुणी मांडलाच नाही. विमान सुमारे ८ मैलांवर ओटायला धडकलं, कुणी वाचलं नाही. चौकशीत मुख्य दोष पायलटांच्या नियोजनाला गेला, पण फोनवर भूभागाची पुरेशी माहिती दिली गेली नाही हेही नोंदलं गेलं.

तेरा वर्षांनी, २४ ऑक्टोबर २००४ ला, तोच विमानतळ, मध्यरात्रीनंतरचीच वेळ. या खेपेला लिअरजेट ३५, रुग्ण पोचवून परत निघालेली हवाई रुग्णवाहिका, आत ५ जण. खालीच ढगांचं छत. तरीही दृश्य नियमांनी उड्डाण, क्लिअरन्स वर घेऊ हा तोच बेत. कंट्रोलरने रडारवर विमान ओळखलं आणि दिशा दिली, ०२०. जोडीला म्हणाला, दृश्य नियम पाळा, इन्स्ट्रुमेंट क्लिअरन्स ५,००० फुटांच्या वर मिळेल. आता हे वाक्य पायलटच्या कानाने ऐका. रडारवाला माणूस मला दिशा देतोय, म्हणजे समोर काय आहे ते त्याला दिसत असणार. कंट्रोलरच्या बाजूने ऐका. मी ‘दृश्य नियम पाळा’ म्हटलंय, म्हणजे समोरचं बघणं त्यांचं काम. ०२० च्या दिशेला ओटाय होता. आधीच्या अपघाताची जागाही जवळच. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने पायलटांना दोष दिला, त्यांच्या थकव्याची नोंद घेतली, आणि डोंगराची जबाबदारी पायलटांकडून कंट्रोलरवर सरकवणारा तो क्लिअरन्स हेही कारणांत धरलं. कंट्रोलरच्या यंत्रणेत कमी उंचीचा इशारा वाजला होता, तो विमानापर्यंत पोचवला गेला नाही.

इन्स्ट्रक्टर आम्हाला त्या धावपट्टीवर उभं करून दोन्ही हकिगती सांगायचा. दुसरी सांगताना तो चिडायचा, कारण पहिली छापून आलेली होती.

या कागदांमागचे आकडे बघितले तर लक्षात येतं की मोकळीक किती चिमूटभर असते. उडताना दर सागरी मैलाला किमान २०० फूट चढाल असं गृहीत धरलेलं असतं. आयसीएओ या आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक संघटनेच्या, जगभर चालणाऱ्या भाषेत ३.३ टक्के, म्हणजे जवळजवळ तेच. अडथळे मोजायची कल्पित उतरण मात्र मैलाला १५२ फुटांची. दोन्हींतला फरक ४८ फूट. म्हणजे पाच मैलांवर तुमच्या पोटाखाली आणि कुणाच्या तरी मोबाइल टॉवरच्या टोकावर हिशेबातली जागा २४० फूट. शिवाय हा सगळा हिशेब सर्व इंजिनं चालू आहेत असं धरून. दोन इंजिनांच्या जेटचं एक इंजिन बंद पडलं तर कायद्याने त्याच्याकडून त्या टप्प्यावर २.४ टक्क्यांची अपेक्षा असते. ३.३ कुठे, २.४ कुठे. म्हणून विमान कंपन्या इंजिन गेल्यावरची वेगळी वाट आखून ठेवतात, आणि ती कित्येकदा सिडच्या विरुद्ध दिशेला वळते. कंट्रोलरसमोर तो कागद नसतो. ब्रीफिंगमध्ये कॅप्टन म्हणतो, “इंजिन गेलं तर सिड विसरायची, आपली वाट धरायची, आणि त्याला लगेच सांगायचं.” हे ‘लगेच’ किती लगेच यावरही मी हुज्जत ऐकली आहे.

भारतात परतल्यावर पहिल्या काही दिवसांतली गोष्ट. मुंबई, ऐन पावसाळा, धावपट्टी २७. नैर्ऋत्येचा वारा जोरात, विमान थरथरतंय, आणि कॅप्टन, मूळचे कोल्हापूरचे, ब्रीफिंग अर्ध्यावर थांबवून मला विचारतात, “सरळ चढायचं म्हणजे काय? नाक सरळ की वाट सरळ?”

प्रश्न परीक्षेचा होता. मी अमेरिकेत शिकून आलेला, हे त्यांना ठाऊक होतं. तिथे कंट्रोलर ‘रनवे हेडिंग’ म्हणाला की नाक धावपट्टीच्या दिशेला ठेवायचं आणि वाऱ्याने विमान बाजूला सरकलं तर सरकू द्यायचं. वाऱ्याची दुरुस्ती करायची नाही, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. आयसीएओच्या पद्धतीत कागदावर काढलेली सिडची रेघ ही जमिनीवरची वाट. ती सांभाळण्यासाठी नाक वाऱ्यात वळवावं लागतं. दोन्ही बरोबर, आपापल्या ठिकाणी. सर म्हणाले, “२५ नॉटचा आडवा वारा धर, आपला वेग १६०. नऊ अंश सरकशील. दहा मैलांत दीड मैल बाजूला. शेजारून दुसरं कुणी नाक सरळ ठेवून आलं आणि तू वाट सरळ ठेवून गेलास, तर तुम्हा दोघांत कंट्रोलरने ठेवलेलं अंतर कुठे गेलं?” मग स्वतःच उत्तर दिलं, “छापलेलं असेल तर वाट. त्याने तोंडाने हेडिंग दिलं तर नाक. आणि दोन्ही एकदम आलं तर विचारायचं. लाजायचं नाही.” बाहेर वायपर चालले होते, पावसाच्या आवाजात त्यांना ओरडूनच बोलावं लागत होतं, त्यामुळे हे सगळं जरा रागावल्यासारखं ऐकू आलं. रागावलेले नव्हते.

कागद बनवणाऱ्यांबद्दलही सांगायला हवं, कारण पायलट त्यांच्या नावाने बोटं मोडतात आणि त्यांच्याशिवाय पाऊलही टाकत नाहीत. आज जगभर ज्या नकाशांना ‘जेप’ म्हणतात त्यांचा जनक एलरे जेपसन हा स्वतः टपालविमानं उडवणारा पायलट. सोबतचे लोक डोंगरांत मरताना बघून त्याने एका काळ्या वहीत धावपट्ट्यांच्या लांब्या, उंच्या, टेकड्या, शेतकऱ्यांचे फोन नंबर टिपायला सुरुवात केली. लोक मागू लागले, तेव्हा १९३४ मध्ये १० डॉलरला प्रती विकायला लागला. आज त्याचं नाव लागलेली कंपनी सरकारने शब्दांत लिहिलेली प्रोसिजर घेते आणि चित्रात उतरवते. शब्दांतून चित्रात जाताना काहीतरी हललं तर जबाबदार कोण?

अमेरिकेतल्या न्यायालयांसमोर हा प्रश्न खरोखर आला. १९६४ मध्ये बोनान्झा एअरलाइन्सचं विमान लास वेगासजवळ डोंगराला धडकलं, २९ जण गेले. दावा असा, की नकाशाच्या वरच्या चित्रात आणि खालच्या उंचीच्या आकृतीत अंतराचं प्रमाण पाच पटींनी वेगळं होतं, आणि बघणाऱ्याला दोन्ही एकाच मापाची वाटली. आकडे सगळे बरोबर होते. न्यायालयाने १९८१ मध्ये नकाशा सदोष ठरवला. पुढे १९७३ च्या अलास्कातल्या एका मालवाहू विमानाच्या अपघातात तर सरकारी प्रोसिजरच चुकीची होती. कंपनी म्हणाली, आम्ही जसंच्या तसं छापलं. १९८५ मध्ये न्यायालय म्हणालं, तुम्ही वस्तू विकलीत, वस्तू सदोष होती.

आणि मग १९९१ मध्ये माझा आवडता खटला. दोघांनी अळंब्यांवरचा एक संदर्भग्रंथ वाचून रानातली अळंबी शिजवून खाल्ली, आणि दोघांचीही यकृतं बदलावी लागली. ते प्रकाशकाविरुद्ध कोर्टात गेले. पुस्तकही वस्तूच ना, विमानाच्या नकाशासारखी? न्यायाधीशांनी नकार दिला. पुस्तकात विचार असतात, विमानाचा नकाशा मात्र होकायंत्रासारखं साधन आहे, असा फरक त्यांनी केला. मी हा निकाल पायलट मित्रांना सांगतो तेव्हा ते खूष होतात. मला तो निम्माच पटतो. होकायंत्राची सुई बघून दोन माणसं सहसा भांडत नाहीत.

छापील वाक्याला निदान परत वाचता येतं. रेडिओवरचं वाक्य एकदाच येतं. तेनेरीफची २७ मार्च १९७७ ची दुर्घटना, दोन जंबो जेट, ५८३ मृत्यू, सगळ्यांना माहीत आहे. पण ती ज्या वाक्यापाशी घडली ते वाक्य डिपार्चर क्लिअरन्सचं होतं हे फारसं सांगितलं जात नाही. केएलएमचं विमान धावपट्टीवर तोंड करून उभं, आणि कंट्रोलर सांगतोय: इतक्या उंचीपर्यंत चढा, टेक-ऑफनंतर उजवीकडे वळा, अमुक रेडियल पकडा. त्यात उडायची परवानगी नव्हती, उडल्यानंतरचं वर्णन होतं. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द परवानगी देताना किंवा मागे घेतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’. मुंबईतही तुम्ही ‘रेडी फॉर डिपार्चर’ असंच ऐकाल.

लॉस एंजेलिसला १६ डिसेंबर २०१६ च्या मध्यरात्रीनंतर वेगळंच झालं. एव्हा एअरचं बोइंग ७७७ तैपेईला निघालं होतं. त्या रात्री उड्डाणं नेहमीसारखी समुद्राकडे नव्हती, पूर्वेकडे होती. कंट्रोलरला विमान उजवीकडे वळवायचं होतं, तोंडातून गेलं ‘डावीकडे’. डावीकडे माउंट विल्सनचे डोंगर. चूक लक्षात आल्यावर तिने ‘उजवीकडे’ म्हटलं, मग विमानाचं वळण मनासारखं होईना तेव्हा ‘दक्षिणेकडे जा, आत्ता’ असा धोशा लावला. इथे तैवानी पायलटांची बाजू घ्यावीशी वाटते. आम्हाला दिशा अंशांत ऐकायची सवय आहे. ‘दक्षिणेकडे’ हे घाबरलेल्या माणसाचं बोलणं झालं, त्यात डावीकडून की उजवीकडून हे नसतं. विमान डोंगरावरच्या अडथळ्यांपासून पाव-अर्धा मैल अंतरावरून गेलं. झुरिकला १० जानेवारी २००० ला क्रॉसएअरच्या साब ३४० मध्ये तर ही गडबड माणूस आणि यंत्र यांच्यात झाली. क्लिअरन्स डावीकडून वळायचा होता. फ्लाइट कॉम्प्युटरला पुढचा बिंदू दिला गेला, ‘डावीकडून’ हे वेगळं सांगायला हवं होतं ते राहिलं, आणि कॉम्प्युटरने आपल्या हिशेबाने उजवीकडचं वळण दाखवलं. पुढे कॅप्टनचं दिशाभान गेलं, इतरही कारणं होती. दहाच्या दहा जण गेले.

आता अलीकडचा किस्सा, यात कुणी मरत नाही.

परदेशातला एक विमानतळ, नाव नको. शेजारी फर्स्ट ऑफिसर म्हणून नागपूरची मुलगी, फ्लोरिडात शिकून आलेली, हुशार. क्लिअरन्स आला: अमुक सिड, आणि ‘क्लाइंब टू फ्लाइट लेव्हल वन फाइव्ह झीरो’. सिडमध्ये दोन ठिकाणी उंचीच्या अटी छापलेल्या, एक ‘याच्या खाली’, एक ‘बरोबर इतकंच’. तिने वाचून दाखवलं आणि मराठीत म्हणाली, “सर, म्हणजे वाटेतल्या अटी गेल्या.”

“गेल्या कशा? रद्द कुठे केल्या त्याने?”

“नवीन उंची दिली ना. ‘व्हाया’ म्हणाला नाही.”

ती तिच्या शाळेच्या हिशेबाने बरोबर होती. अमेरिकेत ३ एप्रिल २०१४ पासून ‘क्लाइंब व्हाया’ म्हटलं की छापील अटी पाळत चढायचं. तसं न म्हणता नवी उंची दिली तर कंट्रोलरच्या सोयीसाठी छापलेल्या उंच्या रद्द. आयसीएओच्या नियमात उलट: स्पष्ट शब्दांत रद्द केल्या नसतील तर अटी कायम. आयसीएओनेही ‘व्हाया सिड’ ही भाषा नोव्हेंबर २०१६ पासून आणली, पण सगळ्या देशांनी ती एकदम उचलली नाही. आणि आम्ही ज्या देशात उभे होतो तिथल्या कंट्रोलरची शाळा कुठली, हे त्याच्या उच्चारावरून कळण्यासारखं नव्हतं.

“विचार,” मी म्हटलं.

तिने विचारलं, छापील उंचीच्या अटी लागू आहेत का. ‘स्टँड बाय’. बराच वेळ काही नाही. मग फ्रीक्वेन्सीवर दुसऱ्याच कुणाचा आवाज, युरोपियन असावा: आम्हालाही तेच विचारायचं होतं. त्याच्यामागोमाग तिसरा: आम्हालाही. चौथ्याने नुसतं दोनदा बटण दाबून टिकटिक केलं. तोपर्यंत हे सगळे आपापल्या कॉकपिटमध्ये तेच भांडत बसले असणार. कंट्रोलर बहुधा वरिष्ठांना विचारायला गेला असावा, कारण परत आला तो वेगळाच आवाज, वयस्कर, आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाला: अटी लागू आहेत, सर्वांना.

पुशबॅकला उशीर झाला होता. दार बंद करायच्या आधी स्थानिक हँडलिंगचा मुलगा हेडसेटवर आला, उशिराचा कोड काय लिहू? फर्स्ट ऑफिसरने कोडांची यादी काढली. सामान उशिरा आलं याला कोड आहे, प्रवासी हरवला याला आहे, जेवणाची गाडी आली नाही याला आहे.

“सर, ‘वाक्याचा अर्थ विचारला’ याला नाहीये.”

“८९ टाक,” मी म्हटलं. “विमानतळावरचे निर्बंध.”

तिने ८९ सांगितला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून विचारणा आली, निर्बंध नेमका कुठला? तिने सविस्तर उत्तर लिहिलं, दीड पान. मग ते दीड पान वाचून दोघांनी तिला दोन वेगवेगळे प्रश्न विचारले.